मिनिएचर वॉरगेमसाठी स्वतःची फौज: कल्पनेपासून टेबलापर्यंत, योग्य क्रमानं

फँटसी वॉरगेम, म्हणजे छोट्या मूर्तींच्या सैन्यांनी टेबलावर फासे टाकून लढायचा खेळ, खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं की आपली स्वतःची एक फौज असावी. पुस्तकातली नाही, आपण रचलेली. अशा बहुतेक फौजा पहिल्या दोन-तीन खेळांतच गुंडाळल्या जातात. कल्पना वाईट असते म्हणून असं होत नाही. कामाचा क्रम उलटा असतो. आधी इतिहास आणि राजघराणं लिहिलं जातं, मग पंधरा-वीस तुकड्यांची नावं, मग मूर्तींची ऑर्डर, आणि नियम सगळ्यात शेवटी. नियम लिहायला बसल्यावर कळतं की दहा तुकड्या एकच काम करतात आणि बाकीच्यांना कामच नाही. तोवर पैसे गेलेले असतात आणि नावांचा लळा लागलेला असतो, त्यामुळे काही कापवत नाही.

हा लेख बरोबर क्रमाबद्दल आहे. नियमांसाठी मी मॅन्टिक गेम्सच्या किंग्ज ऑफ वॉरची 2019 साली आलेली तिसरी आवृत्ती धरली आहे. त्यात तुकडी ही एक अखंड वस्तू असते, मूर्ती एकेक करून काढाव्या लागत नाहीत आणि प्रत्येक तुकडीचे आकडे एका ओळीत मावतात. घरगुती फौज रचायला याहून सोपा खेळ मला माहीत नाही. उदाहरण म्हणून कोकणातल्या भुताखेतांवर उभी केलेली एक फौज घेऊ. तिचं नाव ‘अमावास्येची स्वारी’.

## तयारी: आधी काय हाताशी हवं

एखादी अधिकृत फौज घेऊन तुम्ही पुरेसं खेळलेले असायला हवं. चढाई चालीच्या दुप्पट अंतरावर होते, बगलेवरचा हल्ला दुप्पट आणि पिछाडीवरचा तिप्पट फाशांनी होतो, हे पुस्तक न उघडता आठवत नसेल तर आधी खेळा, रचना नंतर.

सामान साधं आहे. जाड पुठ्ठा, कात्री, पट्टी, भरपूर सहा बाजूंचे फासे आणि एक वही. पुठ्ठ्याचे तळ खेळाच्या मापानं कापा. 20 मिलिमीटर तळाच्या पायदळासाठी दहा जणांचा ट्रूप 100 बाय 40, वीस जणांची रेजिमेंट 100 बाय 80 आणि चाळीस जणांची होर्ड 200 बाय 80 मिलिमीटर. 40 मिलिमीटर तळाच्या धिप्पाड पायदळाची तिघांची रेजिमेंट 120 बाय 40 होते. प्रत्येक पुठ्ठ्यावर पुढची बाजू बाणानं दाखवा. हा बाण विसरलात तर बगल कुठली यावरून प्रत्येक खेळात वाद होतील.

थांबा: या टप्प्यावर एकही मूर्ती विकत घेऊ नका, थ्रीडी प्रिंटही करू नका. मूर्ती आठव्या टप्प्यात येतात.

## टप्पा 1: फौज टेबलावर काय करते, हे एका वाक्यात लिहा

ही कोण आहे, हा पहिला प्रश्न नाही. ही काय करते, हा आहे. ‘समुद्रात बुडालेल्या राज्याचे शापित योद्धे’ हे वाक्य मुखपृष्ठावर शोभेल, पण त्यातून एकही नियम निघत नाही. वाक्यात क्रियापद हवं, आणि ते क्रियापद समोरच्या खेळाडूला जाणवायला हवं.

काही कल्पना देतो, कच्च्याच आहेत.

घाटातले वाटमारे: ही फौज लढाई जिंकायला थांबत नाही, लूट उचलते आणि निसटते.

देवराईची राखण: ही फौज जंगलाबाहेर दुबळी आहे, पण जंगल कुठे असेल हे काही अंशी तीच ठरवते.

वारुळातले नाग: पहिला घाव किरकोळ असतो, पण दंश झालेल्या तुकडीचा धीर पुढच्या पाळ्यांमध्ये खचत जातो.

आपली अमावास्येची स्वारी: ही फौज शत्रूला हव्या त्या ठिकाणी वेळेवर पोहोचू देत नाही, आणि जो एकटा मागे राहतो त्याला घेरते.

शेवटच्या वाक्यात भूत हा शब्दही नाही. तरी रात्री घाटात वाट चुकलेल्या माणसाची सगळी भीती त्यात आहे. वाक्य असं जमलं की तुकड्या सुचायला लागतात. न सुचल्या तर वाक्यावरच पुन्हा बसा, पुढे जाऊ नका.

तपासा: वाक्य तुमच्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्याला वाचून दाखवा आणि विचारा, ‘हिला हरवायला तू काय करशील?’ स्वारीच्या बाबतीत उत्तर लगेच येतं: सगळ्या तुकड्या एकमेकींना धरून चालवीन, लांबून मारा करीन. असं उत्तर आलं की कल्पना खेळण्याजोगी आहे. उत्तरच येत नसेल तर फौजेला उणीव नाही, आणि तिच्याशी दुसऱ्यांदा खेळायला कोणी बसणार नाही.

## टप्पा 2: उणीव आधी ठरवा

नव्या रचनाकारांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. बळ आधी लिहिलं की उणीव नंतर चिकटवलेली वाटते, आणि पहिल्या हरलेल्या खेळानंतर ती हळूच पुसली जाते. ‘यांना लांबचा मारा नाही, म्हणून एक धनुर्धारी तुकडी देऊ या’ असं म्हणत म्हणत प्रत्येक घरगुती फौज शेवटी सारखीच होते.

स्वारीसाठी तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. 12 इंचांपलीकडे कोणाचाही मारा नाही. उडणारं कोणी नाही. संरक्षणाचा आकडा एक अपवाद सोडता 4+ च्या वर नाही (संरक्षण म्हणजे तुकडीला जखम करायला शत्रूच्या फाशावर लागणारा आकडा; 4+ म्हणजे 4 किंवा जास्त). पुढे कितीही मोह झाला तरी या पानावर खाडाखोड करायची नाही.

याच वेळी शेजारच्या फौजाही तपासा. किंग्ज ऑफ वॉरमध्ये अनडेड, म्हणजे मेलेल्यांची फौज आहे आणि नाइटस्टॉकर्स, म्हणजे दुःस्वप्नातल्या प्राण्यांचीही आहे. भुतांची फौज म्हटल्यावर समोरचा पहिल्यांदा हेच विचारणार की मग अनडेडच का नाही घेत? तुमच्याकडे खरं उत्तर हवं. अनडेडमध्ये मेलेल्यांना उठवून फळी टिकवून धरण्यावर भर आहे, नाइटस्टॉकर्समध्ये शत्रूच्या मनावर दडपण आणण्यावर. स्वारीचं काम चालीत अडथळा आणण्याचं आहे. फरक फक्त मूर्तींचा असेल, तर वेगळी फौज रचू नका. अनडेडचीच यादी घ्या आणि मूर्ती कोकणी करा. तेही चांगलं काम आहे.

## टप्पा 3: लोककथेतून नियम काढा, पण मोजकेच

आपल्याकडची भुतं नियम लिहायला फार चांगली आहेत, कारण प्रत्येकाला एक ठरलेली सवय आहे. हडळीची पावलं उलटी. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्यात ओढतो. समंध पुरलेल्या धनावर बसून असतो. चकवा लागला की माणूस रात्रभर तिथल्या तिथे फिरतो. सवय म्हणजेच नियमाचं बीज.

हडळीचं उदाहरण जवळून पाहू. किंग्ज ऑफ वॉरमध्ये मागे सरकायचं झालं तर तुकडी फक्त अर्ध्या चालीनं सरकते. हडळीला उलट्या पावलांमुळे पूर्ण चालीनं मागे जाता येईल असं लिहिलं, की एका ओळीत नियम तयार होतो. नवा फासा नाही, नवी खूण नाही, आणि टेबलावर पाहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ती मर्यादाही आपसूक पाळते: चढाई फसली तर पुढची पाळी शत्रूची असते, त्यामुळे हडळीला मागे पळायची संधीच न मिळता उलटा तडाखा बसतो. चांगला नियम असा असतो. त्याला आवर घालायला दुसरा नियम लागत नाही.

गिऱ्ह्याच्या बाबतीत मोह जास्त. त्याचे केस ज्याच्या हाती लागतात त्याचा तो चाकर होतो, अशी गोष्ट सांगतात. लगेच वाटतं की शत्रूनं गिऱ्ह्याला हरवलं तर गिऱ्हा त्याच्या बाजूनं लढेल असा नियम करावा. करू नका. तुकडीची मालकी बदलणं, नवी खूण, नवा अपवाद, नवा वाद. गोष्ट सुंदर आहे, तर ती मूर्तीच्या केसांत दाखवा. गिऱ्ह्याला नियम म्हणून एन्स्नेअर पुरे: समोरून हल्ला करणाऱ्याला नेम साधताना एक उणे. तो पुस्तकात आधीच आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि चिखलात पाय धरल्यासारखा वाटतो.

थांबा: तुकडीमागे एक नवा नियम, त्याहून जास्त नाही. बाकी सगळं पुस्तकातल्या नियमांतून घ्या.

दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण यात चूक झाली तर माणसं दुखावतात.

पहिली, वेताळ. भुतांचा राजा म्हणून त्यालाच सेनापती करावा असं कुणालाही वाटेल. पण वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबा, म्हणजे वेताळच, हा जागृत ग्रामदेव आहे. लोक त्याला केळी वाहतात, मोठमोठ्या चपला अर्पण करतात. गोव्यातही बेताळ गावोगावी पुजला जातो. ज्याला लोक रोज हात जोडतात, त्याच्या पायाशी जखमांचे फासे ठेवायचे नाहीत. म्हणून आपल्या फौजेत वेताळाची मूर्ती नाही. फक्त त्याच्या स्वारीतले मशालजी आहेत. राखणदार आणि देवचार यांनाही हाच न्याय लावा.

दुसरी, जुन्या भुतांच्या याद्यांत जात आणि धर्म खच्चून भरलेला आहे. अमुक जातीचा मेला की तमुक भूत, असं. तो भाग सोडून द्या. आपल्याला सवय हवी आहे, समाज नको. समंध म्हणजे धनाला चिकटलेला जीव, एवढंच नियमाला लागतं.

## टप्पा 4: सहा-सात तुकड्या, प्रत्येकीला एक काम

कामं आधी लिहा, नावं नंतर त्यांत बसवा. फळी धरणारा, घाव घालणारा, वेगानं बगल गाठणारा, शत्रूची चाल बिघडवणारा, थोडासा मारा करणारा आणि सगळ्यांचा धीर राखणारा. इतकं पुरतं. स्वारीची पहिली यादी अशी:

भुतावळ. पायदळाची होर्ड, चाल 5 इंच, हल्ल्याचा नेम (घाव लागायला फाशावर हवा तो आकडा) 5+, संरक्षण 3+, हल्ल्याचे फासे 25. धीराचे दोन आकडे असतात: पहिला गाठला की तुकडी डगमगते, दुसरा गाठला की मोडते आणि टेबलावरून उचलली जाते. ही फिअरलेस, म्हणजे डगमगणं नाही, फक्त मोडणं, धीर –/21. हिचं काम उभं राहणं. फौजेतली बाकी सगळी गणितं हिच्या भरवशावर असतात.

हडळी. ट्रूप किंवा रेजिमेंट, चाल 7, संरक्षण 3+, उलटी पावलं. बगल हिची.

गिऱ्हे. 40 मिलिमीटर तळाचं धिप्पाड पायदळ, चाल 5, संरक्षण 4+, क्रशिंग स्ट्रेंग्थ 1 (जखमेच्या फाशाला एक अधिक), एन्स्नेअर.

मुंजे. फक्त ट्रूप, मारा 12 इंच, नेम 5+. फौजेतला एवढाच मारा.

समंध. मॉन्स्टर, फौजेत एकच. संरक्षण 5+, हाच तो अपवाद. क्रशिंग स्ट्रेंग्थ 3. तैनात केला तिथे एक खूण ठेवायची, तिच्यापासून 18 इंचांपलीकडे त्याला जाता येत नाही.

मशालजी. हीरो, इन्स्पायरिंग. जवळची तुकडी मोडण्याचा निकाल आला तर समोरच्याला फासे पुन्हा टाकायला लावतो.

चकवा. एकटा हीरो. याचा नियम पुढच्या टप्प्यात, कारण तो बिघडवणं फार सोपं आहे.

समंधाची 18 इंचांची दोरी काढून टाकावी असं पहिल्या दोन खेळांत नक्की वाटेल. ठेवाच. तिच्यामुळे समोरच्याला निर्णय घ्यावा लागतो: समंधाच्या वर्तुळात जायचं की तो भाग सोडून द्यायचा. शिवाय तैनातीच्या वेळी तुम्हालाही डोकं चालवावं लागतं.

तपासा: प्रत्येक तुकडीवर हात ठेवून विचारा, ‘ही काढली तर पहिल्या टप्प्यातलं वाक्य खोटं ठरतं का?’ नाही असं उत्तर आलं तर ती यादीतून काढा. तिचं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, वर्षभरानं कामाला येईल.

## टप्पा 5: हिशोब करा, टेबलावर जाण्याआधी

हा टप्पा लोक वगळतात आणि मग तीन महिने चाचण्या करत बसतात. पंधरा मिनिटांचं गणित आहे.

साधी रेजिमेंट धरा: 12 फासे, नेम 4+, समोर संरक्षण 4+, धीर 14/16. बारांपैकी सहा लागतात, सहांपैकी तीन जखमा होतात. धीराची चाचणी म्हणजे दोन फाशांची बेरीज अधिक जखमा. तीन जखमांवर शत्रू डगमगायला फाशांवर 11 किंवा जास्त लागतात, म्हणजे 36 पैकी 3, साधारण 8 टक्के. मोडायला 13 लागतील, ते दोन फाशांवर येतच नाहीत.

तोच हल्ला बगलेवर केला तर 24 फासे, 6 जखमा. आता डगमगणं किंवा मोडणं मिळून 36 पैकी 15, जवळजवळ 42 टक्के, आणि त्यातलं मोडणं 17 टक्के. पिछाडीवर 9 जखमा, मोडण्याची शक्यता थेट 58 टक्के.

आता चकव्याचा पहिला मसुदा पाहा, जो जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात पहिल्यांदा येतो: ‘चकवा शत्रूच्या एका तुकडीला 90 अंशांत फिरवतो.’ निरुपद्रवी वाटतो. पण वरचा हिशोब सांगतो की या एका नियमानं समोरची धडक बगलेवरची होते आणि 8 टक्क्यांचे 42 होतात, तेही फौजेतल्या कुठल्याही तुकडीसाठी, प्रत्येक पाळीला. याला कितीही पॉइंट (सैन्य जुळवताना मोजायची तुकडीची किंमत) लावले तरी तो न्याय्य होत नाही, कारण फौज जितकी मोठी तितकी त्याची किंमत वाढत जाते.

सुधारलेला नियम असा: ‘9 इंचांतली एक शत्रूची तुकडी निवडा, फासा टाका. 4+ आल्यास त्या तुकडीला तिच्या पुढच्या पाळीत पुढे चालताना वळता येत नाही. चढाईवर परिणाम नाही. तीच तुकडी लागोपाठ दोन पाळ्या निवडता येत नाही.’ आता शत्रू फिरत नाही, फक्त नाकासमोर चालत राहतो किंवा जागच्या जागी थांबतो. बगल गाठायचं काम तुमच्या हडळींनाच करावं लागतं, आणि चूक केली तर त्याला चढाई मोकळी आहे. वाट चुकण्याची भावना उलट या मसुद्यात जास्त आहे.

असाच हिशोब भुतावळीचा करा. वरच्याच रेजिमेंटनं समोरून मारलं तर 3+ संरक्षणामुळे तिला 4 जखमा होतात. धीर 21 असल्यानं मोडायला 17 लागतील, जे दोन फाशांवर शक्य नाही. म्हणजे ती पहिली धडक नक्की सोसते. दुसऱ्या धडकेनंतर 8 जखमा, मोडायला 13, तरी ती उभीच. तिसऱ्या धडकेला 12 जखमा, आता 9 किंवा जास्त, 36 पैकी 10. फळी धरणाऱ्या तुकडीसाठी हे ठीक आहे, पण वरच्या टोकाला आहे. धीर 22 केला असता तर खेळ रेंगाळला असता.

थांबा: पूर्ण चालीनं मागे जाणं आणि मारा, या दोन गोष्टी एकाच तुकडीला कधीही देऊ नका. समोरच्याला तिला गाठताच येत नाही आणि तो सहाही फेऱ्या नुसत्या जखमा मोजत बसतो.

## टप्पा 6: पॉइंट लावा

सूत्र शोधू नका. अधिकृत याद्यांतली सगळ्यात जवळची तुकडी घ्या आणि तिच्याशी तुलना करा. भुतावळीसाठी अनडेडचे झोंबी, गिऱ्ह्यासाठी ट्रायडंट रेल्म या समुद्री फौजेतल्या नायड. तुमच्या तुकडीत काय जास्त, काय कमी, हे दोन रकान्यांत लिहा. दोनाहून जास्त फरक असतील तर आधाराला दुसरी तुकडी शोधा, कारण तीन-चार बदल एकत्र आले की तुलनेचा आधारच सुटतो.

पहिली किंमत मुद्दाम दहा टक्के चढी ठेवा. महाग तुकडी घेऊन हरलात तर समोरचा स्वतःहून म्हणतो, ‘ही स्वस्त कर.’ स्वस्त तुकडीनं जिंकलात तर तो काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी अधिकृत फौज आण म्हणतो.

हीरो आणि मॉन्स्टर घेण्याची मुभा मोठ्या तुकड्यांमुळे मिळते, हे विसरू नका. हडळींचे चार ट्रूप आणि तीन हीरो अशी यादी कागदावर मोहक दिसते, पण बसत नाही. 1000 पॉइंटांची निदान दोन वेगवेगळी वैध सैन्यं तुमच्या यादीतून निघायला हवीत. एकच निघत असेल तर ती फौज नाही, एक ठरलेला संच आहे.

## टप्पा 7: पुठ्ठ्यावर चाचणी

क्रम असा ठेवा.

1. कोपऱ्यातली झुंज. दोनच तुकड्या, बाकी काही नाही. पाचव्या टप्प्यातलं गणित टेबलावर खरं उतरतं का ते पाहायचं.
2. 1000 पॉइंटांचा खेळ, चार बाय चार फुटांवर. आधी पायदळाच्या फौजेशी, मग घोडदळाशी, मग भरपूर मारा करणाऱ्या फौजेशी. तिसऱ्यात तुम्ही हरायला हवं, निदान झगडायला तरी. तिथे सहज जिंकत असाल तर दुसऱ्या टप्प्यातली उणीव कुठेतरी बुजली आहे.
3. बाजू बदला. तुमची फौज प्रतिस्पर्ध्याच्या हाती द्या आणि तुम्ही तिच्याविरुद्ध खेळा. तुम्हाला नियमाचा हेतू माहीत असतो, त्याला फक्त लिहिलेलं दिसतं. सगळ्या पळवाटा इथेच सापडतात.
4. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर 2000 पॉइंट.

खेळ चालू असताना तीनच गोष्टी टिपा: कोणता नियम विसरला गेला, कोणत्या तुकडीनं काहीच केलं नाही, आणि समोरच्याला कोणत्या क्षणी आपल्या हाती काही उरलं नाही असं वाटलं. जिंकलं कोण, हे दुय्यम आहे. दोनदा विसरला गेलेला नियम कापून टाका, कितीही लाडका असो.

खेळांच्या मधे एका वेळी एकच बदल करा. धीर कमी केला, पॉइंट वाढवले आणि चाल बदलली, असं एका रात्रीत केलं तर पुढच्या खेळात काय कशामुळे झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

पाण्याचा प्रश्न इथे हमखास येतो. गिऱ्ह्याला पाण्यात फायदा दिला असेल आणि टेबलावर पाणीच नसेल तर? असा नियम लिहिणं म्हणजे आपल्या तुकडीची किंमत समोरच्याच्या भूभागावर सोपवणं. एक तर फायदा काढून टाका, किंवा बाजू निवडण्याआधी 6 इंच व्यासाचं एक डबकं ठेवण्याची मुभा फौजेला द्या. बाजू निवडण्याआधीच, नाहीतर ते दर वेळी तुमच्याच दाराशी येतं.

## टप्पा 8: आता मूर्ती

आकडे स्थिरावल्यावरच इकडे या. चांगली बातमी ही की किंग्ज ऑफ वॉरमध्ये तळाचं माप महत्त्वाचं, मूर्तींची पूर्ण संख्या नाही. निम्म्याहून जास्त मूर्ती असल्या की तुकडी चालते. वीस जणांच्या रेजिमेंटला अकरा-बारा मूर्ती आणि मधे एखादा पिंपळाचा बुंधा ठेवला तर तुकडी उलट जास्त बोलकी दिसते, आणि खर्चही आवाक्यात राहतो.

28 मिलिमीटरचे झोंबी आणि भुतं बाजारात सहज मिळतात, रेझिन प्रिंटरसाठी फायलीही. प्रिंट करणार असाल तर नायट्रिल हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील दिव्याखाली पूर्ण कडक होईपर्यंत उघड्या हातानं शिवू नका. फाइलचा परवाना स्वतःच्या वापरापुरता आहे का, तेही वाचा.

हडळीची उलटी पावलं कोणी तयार विकत नाही. घोट्यातून पाऊल बारीक करवतीनं कापा, मधे पातळ तार घाला, फिरवून चिकटवा आणि फट पुटीनं भरा. नुसत्या सुपरग्लूवर ठेवलीत तर पहिल्याच प्रवासात तुटतील.

गिऱ्ह्याचे केस आणि खारफुटीची मुळं यांना काथ्यासारखं साहित्य नाही. नारळाचा काथ्या सोडवून बारीक धागे काढा, पाण्यानं पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवा, चिमटीत निथळून हव्या त्या वळणात सुकू द्या. सुकल्यावरच रंगवा. कोरडा काथ्या तसाच चिकटवला तर तो कायम पिंजारत राहतो आणि रंगही शोषून घेतो. तळावर जांभ्याची माती टाकायची असेल तर चहाच्या गाळणीतून चाळा आणि आधी चांगली भाजून घ्या. समुद्राची वाळू गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, नाहीतर काही महिन्यांत मिठाचे पांढरे डाग वर येतात.

थांबा: पावसाळ्यात किनारपट्टीवर स्प्रे प्रायमर मारू नका. दमट हवेत तो खरखरीत पांढुरका बसतो आणि चेहऱ्यांचे बारकावे गिळतो. त्या चार महिन्यांत ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा.

रंग तीनच ठरवा आणि सगळ्या फौजेला तेच लावा: राखेचा पांढरट, शेवाळाचा काळपट हिरवा आणि मशालीचा केशरी. केशरी रंग फक्त मशालजी आणि चकवा यांच्यावरच. टेबलाच्या पलीकडून पाहणाऱ्याला हीरो कुठे आहेत हे त्या दोन ठिपक्यांवरून कळलं पाहिजे, विचारावं लागू नये.

## टप्पा 9: यादीचा कागद

शेवटी सगळं ए-फोरच्या एका बाजूवर आणा. वर पहिल्या टप्प्यातलं वाक्य, खाली सात ओळी आकड्यांच्या, त्याखाली नवे नियम पूर्ण शब्दांत, आणि कोपऱ्यात तारीख व आवृत्ती क्रमांक. ही एक बाजू पुरत नसेल तर नियम जास्त झाले आहेत. खेळ सुरू होण्याआधी तो कागद समोरच्याच्या हातात द्या आणि वाचायला पाच मिनिटं द्या. तुमच्या फौजेला चकवण्याचा हक्क टेबलावर आहे, कागदावर नाही.

स्पर्धांत अधिकृत याद्याच चालतात, त्यामुळे कागदाच्या मागच्या बाजूला आणखी एक तक्ता करा: आपली कोणती तुकडी अनडेडच्या कोणत्या तुकडीच्या जागी उभी राहू शकते. तळाची मापं सुरुवातीपासून खेळाचीच ठेवली असतील तर भुतावळ झोंबींच्या जागी, हडळी पिशाचांच्या जागी सरळ बसतात. ज्या तुकडीला जोडीदार सापडत नाही, तिचा तळ चिकटवण्याआधी माप पुन्हा एकदा पट्टीनं तपासून घ्या.